तपासणीत पास झालेलं घर

आमची आत्या दारात आलेल्या माणसाचे पाय आधी बघायची, चेहरा नंतर. बेल वाजली की दार उघडायचं, खाली नजर टाकायची आणि पाहुण्याच्या मापाची रबरी चप्पल पुढे सरकवायची, हा तिचा शिरस्ता. दाराच्या आत भिंतीला लागून चपलांची रांगच असे, मोठ्या, मधल्या, बायकी, पोरांच्या. कोणी म्हणालं, राहू दे हो, पाय स्वच्छ आहेत, तर ती दारातून हलायचीच नाही. एकदा माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, हट्टाने अनवाणी शिरायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने त्यांना उंबऱ्याबाहेर उभं ठेवून चहा दिला. आम्ही सगळे म्हणायचो, हिला स्वच्छतेचं वेड आहे. मीसुद्धा तेच म्हणायचे आणि तिची मनसोक्त टिंगल करायचे.

तिने आयुष्यभर एका लाँड्रीच्या काउंटरवर काम केलं. गिऱ्हाइकांची नावं तिच्या लक्षात राहात नसत, डाग राहात. रस्त्यात कोणी भेटलं की ती माझ्या कानाशी लागून म्हणायची, हा शाईवाला, ही तेलाच्या बाहीची. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही, असं आम्ही समजत होतो. आतोबा लवकर गेले. ते कारखान्यात फिटर होते, हातात कला होती, आणि बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांच्यामागे आत्याने मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, ह्याच दोन खोल्यांत वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या दोन खोल्या हेच तिचं जग.

चपलांखेरीज त्या घराचे आणखीही कायदे होते. नळ उघडायचा तो उलट्या हाताने, बोटांच्या पाठीने ढकलून. फ्रीज उघडताना दुसरा हात खिशात नाहीतर पाठीमागे. धुण्याचं यंत्र चालू असताना त्याच्याजवळ जायचं नाही. ओले हात आधी टॉवेलला, मग बाकी जगाला. का, असं विचारलं तर आत्या सांगायची, नळ चावतो. फ्रीजबद्दल ती तापट सासऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायची: आज त्याचं बरं दिसत नाही, फार जवळ जाऊ नकोस. मला वाटायचं, पोरांनी पाणी सांडू नये म्हणून केलेल्या ह्या गोष्टी. पायात रबर असल्यामुळे मला कधी काही जाणवलंच नाही, आणि जाणवलं नाही म्हणून मी हसत राहिले.

आमच्या शहरात भाड्याच्या घरांची विजेची तपासणी ठरावीक वर्षांनी करावी लागते. घर पास झालं तर मालकाला दाखला मिळतो. नापास झालं तर घर रिकामं करायचं, तारा बदलायच्या आणि मग भाडेकरूने परत यायचं. कागदावर किती छान वाटतं. पहिल्या मजल्यावर एक शिंपी राहायचा. त्याच्या मशीनच्या प्लगाशी भिंत काळी पडली, तेव्हा तो सरळ मनाने तपासनिसाला म्हणाला, साहेब, हे जरा बघा. साहेबांनी बघितलं आणि घर नापास झालं. दोनच महिन्यांचा प्रश्न आहे, असं मालक गोड आवाजात म्हणाले. शिंपी दोन महिन्यांसाठी गेला आणि पुन्हा जिन्यात दिसला नाही. त्याच्या जागी दुप्पट भाड्याचे लोक आले. त्या दिवसापासून सगळ्या जिन्याने आळीमिळी गुपचिळी करून टाकली.

मालकांना मी वाईट तरी कशी म्हणू? मऊ बोलणारा, वाकून नमस्कार करणारा माणूस. आत्याचं भाडं त्यांनी कितीतरी वर्षं वाढवलं नव्हतं, आणि ती त्यांना देवमाणूस म्हणायची. तपासणी जवळ आली की ते स्वतः येऊन भिंती रंगवून द्यायचे आणि बटणांच्या जुन्या पिवळ्या प्लेटा काढून नव्या, पांढऱ्याशुभ्र बसवायचे. आतल्या तारांना मात्र कोणी हात लावत नसे.

बाकीची तयारी भाडेकरूंची. सगळ्या घरांमध्ये मिळून धड म्हणावा असा एक्स्टेन्शन बोर्ड एकच होता. चिकटपट्ट्या लावलेले, अर्धवट वितळलेले बाकीचे बोर्ड त्या दिवशी गाद्यांखाली जात. साहेब वरून खाली यायचे. चौथ्या मजल्यावर ते चहा पीत असताना तो एकुलता एक चांगला बोर्ड मागच्या खिडकीतून दोरीने आत्याकडे उतरायचा, आणि आत्याकडे साहेबांचा चहा झाला की खाली घड्याळकाकांकडे. घड्याळकाका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, बरोबर आत्याच्या खालच्या खोल्यांत राहणारे घड्याळदुरुस्तीवाले. पूर्वी खिडकीतून बोर्ड झेलायचं काम घड्याळकाकूंचं असे. त्या अचानक गेल्या, तेव्हापासून काकाच झेलत. साहेब बिचारे गुडघ्यांनी बेजार. आत्याने दिलेल्या चपला घालून ते खुर्चीत टेकायचे, बटणं दाबायला सांगायचे, दिवा लागला, पंखा फिरला, झालं, म्हणून सही करायचे. संध्याकाळी जिन्यात परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वातावरण असायचं. आत्या मला हे सगळं रंगवून सांगायची आणि मी पोट धरून हसायचे.

मग ताई ठकीला घेऊन माहेरी आली. ठकी म्हणजे तिची रांगायला लागलेली मुलगी. जावयाची नोकरी गेली होती आणि तो दूर कुठेतरी काम शोधत होता. ताईला इथे एका दवाखान्यात काम मिळालं. ताई सकाळी जायची, माझी नोकरी दुपारनंतरची, म्हणून सकाळी मी आत्याच्या मदतीला जायला लागले. आता त्या दोन खोल्यांवर तिघींचा जीव टांगलेला होता. दुसरीकडे घर घ्यायची ऐपत ना आत्याची, ना ताईची.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट खटकली. आत्या ठकीला जमिनीवर सोडतच नव्हती. पलंगावर उशांचा कोट करून त्यात तिला ठेवायची. पोर रांगायला तडफडत होती, आणि ही तिला पाय धरून मागे ओढत होती. मी म्हटलं, अगं, सोड की तिला, रांगू दे. आत्या म्हणाली, तिच्या मापाची चप्पल मिळत नाही. मला वाटलं, ही थट्टा करतेय.

एका सकाळी आत्या दूध आणायला गेली होती. मी ठकीला आंघोळ घातली. माझ्या चपलेचा पट्टा न्हाणीघरातच तुटला, तशीच अनवाणी बाहेर आले. ठकीला स्वयंपाकघरातल्या ओल्या ओट्यावर बसवलं, डाव्या हाताने तिला धरलं आणि वाटी विसळायला उजव्या हाताने नळ उघडला. सरळ हाताने, सगळं जग उघडतं तसा.

काय झालं ते नीट सांगता येणार नाही. हात नळाला चिकटला, दातांवर दात बसले आणि माझ्या डाव्या हाताखाली ठकीचं अंग लाकडासारखं ताठ झालं. तिचे डोळे माझ्यावर होते. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मग पाय घसरून मी मागे पडले आणि तिला घेऊनच पडले, म्हणून सुटलो. थोड्या वेळाने ती रडली. जन्मात कोणाच्या रडण्याने मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

आत्या आली तेव्हा मी फरशीवर बसून ठकीला छातीशी धरून होते. मी कसंबसं सांगितलं. मला वाटलं, ती किंचाळेल, पोरीला ओढून घेईल, डोकं बडवून घेईल. ती दुधाची पिशवी हातात धरून माझ्या पायांकडे बघत राहिली.

"चप्पल कुठंय तुझी?" तिने विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, आणि तू आम्हाला चपला वाटत बसलीस. तिने सगळं ऐकून घेतलं. ठकीची बोटं एकेक करून तपासली, तिला दूध पाजलं, झोपवलं आणि मग माझ्यासमोर येऊन बसली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. ती म्हणाली की नळ पूर्वी असा नव्हता. आतोबा गेल्यानंतर केव्हातरी चावायला लागला. मालकांना एकदा हळूच सांगून बघितलं, तर ते म्हणाले, बघू या, पण घर रिकामं करावं लागेल हं. तेव्हा तिला शिंपी आठवला आणि ती परत कधी बोलली नाही. मी म्हटलं, मी बोलते. तपासणी येतेच आहे, सांगते त्या साहेबांना.

"सांग," आत्या म्हणाली. "आणि मग ताईला आणि ह्या पोरीला घेऊन मी कुठे जाऊ, तेपण सांग."

 माझी स्वतःची खोली एवढीशी, तिथे मी आणि आणखी दोघी. शेवटी तिने माझ्याकडून वचन घेतलं की तपासणीच्या दिवशी मी तोंड उघडणार नाही. बदल्यात तिने नळावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि फ्रीजच्या कडीला जाड कापड शिवलं.  पण त्या सकाळनंतर त्या घरात पाणी पडल्याचा आवाज आला तरी मी ठकीला उचलून घ्यायचे.

तपासणीच्या दिवशी ट्यूब काढली गेली, कापड उसवलं गेलं, आणि सगळं जागच्या जागी लखलखीत झालं. पण बोर्ड वरून उतरायच्या आतच बेल वाजली; ह्या वेळी तपासणी आत्यापासूनच सुरू झाली. आणि आले ते नेहमीचे साहेब नव्हते. ते निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक बाई आली, तिशी-पस्तिशीची, खांद्याला जड पिशवी आणि पायात जाड तळाचे बूट. आत्याने सवयीप्रमाणे चप्पल पुढे केली. बाई म्हणाली, नको, हे कामाचेच बूट आहेत, बाहेरून पुसून आलेय. आत्याने चहा विचारला. बाई म्हणाली, काम झाल्यावर. आत्याचा चेहरा पडला. तिची दोन्ही शस्त्रं दारातच निकामी झाली होती.

बाईने विचारलं, घरात कशाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

"छे," आत्या म्हणाली. "अगदी छान आहे सगळं."

मी ठकीला कडेवर घेऊन उभी होते. इतके दात आवळले होते की कानशिलं दुखायला लागली.

बाईने बटणं दाबायला सांगितली नाहीत. तिने पिशवीतून पेचकस काढला आणि फ्रीजशेजारची ती नवी पांढरी प्लेटच उघडली. प्लेटवर तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागे काही नव्हतं. भिंतीतून हिरवी तार बोटभर बाहेर आली होती आणि तिचं टोक गिलाव्यात दाबून टाकलेलं होतं. ही अर्थिंगची तार, बाई म्हणाली, यंत्रातून वीज बाहेर फुटली तर तिला जमिनीत नेणारी, आणि ही कशालाच जोडलेली नाही. तिने दुसरी प्लेट उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच. इतक्या वर्षांचे रंग, सह्या, दाखले, आणि भिंतीच्या आत हे. मी आ वासून बघत राहिले.

आत्या लगेच वाटाघाटीला लागली. मालक फार चांगले आहेत, उद्याच्या उद्या करून देतील, घर रिकामं नाही ना करावं लागणार? बाईने थोडा विचार केला. ती कठोर नव्हती. म्हणाली, एवढंच असेल तर माणसं घरात असतानाही काम होईल, दुरुस्ती करून घ्या, मी पुन्हा येऊन बघते. आत्याचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर हायसं वाटलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात कडेवरची ठकी पुढे झेपावली. मी ओट्याच्या फार जवळ उभी होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नळ नुकताच घासल्यामुळे चकाकत होता आणि तिची बोटं त्याच्याकडे निघाली होती.

"नळाला नको!" आत्या ओरडली.

 मी ठकीला घेऊन भिंतीपर्यंत मागे सरकले होते. बाईने आत्याकडे बघितलं आणि विचारलं, का नको? आत्या म्हणाली, भिजेल ती. पण तिचा आवाज कोणालाही पटला नसता. बाईने पिशवीतून वीज मोजायचं मीटर काढून त्याची एक तार नळाला लावली, दुसरी ओल्या मोरीच्या जाळीला. मीटरवरचे आकडे चढत गेले. तिने फ्रीज पुढे ओढला.

फ्रीजच्या पाठीवरून एक तार निघाली होती, भिंतीच्या कडेने सरळ रेषेत गेली होती आणि ओट्याखाली पाण्याच्या लोखंडी पाइपाला नीट वेटोळे घालून बांधली होती. इतकी सुबक की बाईसुद्धा म्हणाली, काम चांगल्या हाताचं आहे. आत्या म्हणाली, ह्यांनी केलंय. फ्रीजमधून शॉक बसायला लागला, म्हणून आतोबांनी ती तार टाकली होती, आणि ते असेपर्यंत फ्रीज शांत होता. बाईने मान हलवली. म्हणाली, तेव्हा पाइप खालपर्यंत लोखंडाचा असेल, वीज जमिनीत जात असेल. नंतर कोणी पाइप बदलला का? आत्याला आठवलं. आतोबा गेल्यावर अगदी तळमजल्याशी पाइप गळायला लागला होता, तेव्हा मालकांनी तेवढा भाग प्लास्टिकचा बसवून दिला होता. प्लास्टिकमधून वीज जात नाही, बाई म्हणाली. म्हणजे आता ती जमिनीत उतरत नाही, ह्या पाइपातच राहते.

"आणि हा पाइप कुठे कुठे जातो?" बाईने विचारलं.

 आत्याने खाली, फरशीकडे बघितलं.

बाईने आत्याला फ्रीजच्या बटणापाशी उभं केलं. ती आणि मी ठकीला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. घड्याळकाकांनी दार उघडलं. एका डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं, हातात चिमटा. त्यांनी काही न विचारता आम्हाला न्हाणीघर दाखवलं. ह्याच न्हाणीघरात, एका तपासणीनंतर आठवडाभरातच, घड्याळकाकू पडलेल्या सापडल्या होत्या. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि वय झालं होतं म्हणून कोणी पुढे काही विचारलं नव्हतं. बाईने मीटर लावलं आणि खिडकीतून वर आवाज दिला, बंद करा. आकडा उतरून शून्यावर आला. चालू करा. आकडा चढला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. वर आत्याचा हात बटणावर होता आणि खाली ह्या ओल्या फरशीवर आकडा त्या हाताप्रमाणे चढत-उतरत होता.  काका बाईच्या खांद्यावरून मीटर बघत होते. आयुष्यभर बारीक काटे बघितलेला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी फक्त भिंग डोळ्यावर ओढून घेतलं, आणि ते तसंच राहिलं.

वर आलो तर आत्या अजून बटणाशीच उभी. तिने मला विचारलं, खाली काय दिसलं? मला खोटं बोलायचं होतं, मनापासून बोलायचं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि डाग ओळखण्यात तिचा हात कोणी धरला नसता. मी खरं ते सांगितलं. ती खुर्चीत बसली. 

बाईसुद्धा जरा मवाळ झाली होती. म्हणाली, फ्रीज आता बंदच ठेवा, ती तार मी काढते, खालच्या घराचा धोका तेवढ्याने टळतो. मग वही उघडून तिने विचारलं, अशा तारा आणखी कोणाच्या घरात आहेत का?

हे फक्त आत्यालाच माहीत होतं. आतोबांचा फ्रीज शांत झालेला बघून सगळा जिना त्यांच्यामागे लागला होता. कोणाचं धुण्याचं यंत्र, कोणाची इस्त्री, कोणाचा पाणी तापवायचा बंब. आतोबा कोणाला नाही म्हणायचे नाहीत. आत्या गप्प राहिली असती तर एक जुना फ्रीज जाऊन तिचं घर वाचलं असतं. बोलली तर सगळी इमारत बंद होणार आणि शिंप्यासारखं सगळ्यांनीच जायचं. मी तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्या बघण्याने ती काही बोलू नये, की गप्प बसू नये, असं मला वाटलं.

"आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांकडे. चला, मी दाखवते."

तिने एकही घर सोडलं नाही. चौथ्या मजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात सांगायची, फ्रीजमागे बघा, यंत्रामागे बघा, आमच्या ह्यांची तार आहे. लोक आधी गोंधळले, मग भडकले. जे दर तपासणीला तिच्याकडे दोरीने बोर्ड सोडत, तेच आता तिच्या अंगावर धावून आले. तुमचा नवरा करून गेला आणि आम्ही भोगायचं? इतकी वर्षं गप्प होतात, मग आजच कुठला पुळका आला? आत्याने एकालाही उलट उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. बाईने खाली जाऊन सगळ्या इमारतीची वीज तोडली. मालकांना फोन केला, तेव्हा ते नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, काही काळजी करू नका, दोनच महिन्यांसाठी सगळ्यांनी कुठेतरी सोय बघा. जिन्यात कोणीतरी हुंदका दिला. ताईला कसं सांगायचं, हे मला सुचेना.

चौथ्या मजल्यावरची एक सून मात्र दाराआडूनच म्हणाली, आमचाही चावतो. तिच्या सासूने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, आणि मग स्वतःच म्हणाली, हो, चावतो. खालून आणखी एक आवाज आला, आमचा पावसाळ्यात जास्त. मला हसावं की रडावं कळेना. सगळ्यांचे नळ चावत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच घराचं गुपित आहे.

आत्या मात्र ते ऐकायला थांबली नाही. ती कठड्याला धरून दुसऱ्या मजल्यावर उतरली. मी ठकीला घेऊन मागोमाग. घड्याळकाकांचं दार उघडंच होतं. ते खिडकीशी, आपल्या टेबलापाशी बसले होते आणि समोर उघडलेलं घड्याळ तसंच पडलं होतं. आत्या दारातच उभी राहिली. तिला आत जायचा धीर होत नव्हता.

"काकूंना माझ्या घरातून गेलेल्या विजेने मारलं," ती म्हणाली. "तुम्ही काय बोलाल ते बोला मला."

काकांनी मान वर केली नाही. तसेच बोलले, आणि आवाज असा साधा की काल बाजारात काय मिळालं ते सांगत असावेत.

"ती मला सांगत होती. न्हाणीघरातला नळ चावतो म्हणून रोज सांगत होती. मी म्हटलं, तपासणी आलीय, तेवढी होऊन जाऊ दे. त्या दिवशी साहेब ह्या खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, काही तक्रार आहे का? ती तिथे, आतल्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून." त्यांनी टेबलावरचा एक बारीक स्क्रू उचलला आणि परत ठेवला. "मग ती म्हणाली, काही नाही हो, सगळं छान आहे. साहेबांनी सही केली, चहा संपवला आणि खालच्या मजल्यावर गेले."